रॉयल्टी मिळेल, पण नकाराचे काय?

केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्वामित्वहक्क यांवरील आपल्या समितीचे कार्यपत्र प्रसिद्ध केले. संगणक प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध असलेले साहित्य वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना द्यावा आणि त्या बदल्यात निर्मात्यांना रॉयल्टी मिळावी, अशी शिफारस त्यात आहे. या साहित्यात अर्थातच गाणीही येतात. वरकरणी प्रस्ताव कलावंतांच्या हिताचा वाटतो. मात्र, 'माझे गाणे वापरू नका' असे सांगण्याची मुभा त्यात निर्मात्याला उरत नाही. संगीत घडवणाऱ्याचे आपल्या संगीताशी नाते काय, हा जुनाच प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

दोन भूमिका

हिंदी चित्रपटसृष्टीत हा प्रश्न १९६०च्या दशकात जाहीरपणे पुढे आला. गायकांनाही रॉयल्टी मिळावी, असा आग्रह लता मंगेशकर यांनी धरला. तर ठरलेले मानधन हाती पडले की गायकाचा हक्क संपतो, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदातून दोघांनी काही काळ एकत्र गाणे थांबवले. एकाच्या लेखी गाणे हे पूर्ण करून सुपूर्द केलेले काम होते, तर दुसरीच्या लेखी ते गायल्यानंतरही आपलेच राहत होते.

कायदा दीर्घकाळ पहिल्या भूमिकेच्या जवळ राहिला. चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता असतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गायकाला कायद्यात स्थान नसल्याची खंत न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात स्वतंत्रपणे नोंदवली. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क मान्य झाले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू मांडलेल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा इतका पक्का केला, की तो वारसांखेरीज किंवा स्वामित्वहक्क संस्थेखेरीज कोणाच्याही नावे करता येत नाही. सादरकर्त्याला स्वतःच्या नावाचा उल्लेख मागण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीस हरकत घेण्याचा हक्कही तेव्हाच मिळाला.

नकाराची परंपरा

संगीतकारांच्या जगात मोबदला आणि नाव यांच्याइतकेच मोल नकारालाही आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांनी गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे ठेवले नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातूनच पुढे गेली. अन्नपूर्णादेवी यांनी मैफली सोडून मुंबईतील आपल्या घरी, मोजक्या शिष्यांपुरतेच संगीत राखले. अशा वृत्तीमुळे रसिक बऱ्याच संगीताला मुकले, हे खरे. परंतु कोणाला, कधी आणि किती द्यायचे हे ठरवणे हा त्यांच्या साधनेचाच भाग होता. सक्तीच्या परवान्यात याची नोंद घ्यायला रकानाच नाही.

प्रस्तावाच्या बाजूनेही सबळ मुद्दा आहे. गावोगाव गाणारा शाहीर किंवा तमाशातील ढोलकीवादक बड्या कंपनीशी करार करू शकत नाही. सामूहिक व्यवस्थेतून त्याच्या पदरात निदान काही तरी पडेल. शिवाय ठरलेले शुल्क भरून गाणी प्रसारित करण्याचा परवाना आकाशवाणी-दूरचित्रवाणीसाठी २०१२ पासून कायद्यात आहेच. फरक असा, की तेथे गाणे गाणेच राहते आणि रचनाकार व प्रमुख कलावंतांची नावे जाहीर करण्याचे बंधन असते. प्रशिक्षणात मात्र लाखो गाणी एकजीव होतात. तयार झालेल्या चालीत कोणाचा किती अंश, हे सांगणे जवळजवळ अशक्य. मग नाव कोणाचे घ्यायचे आणि वाटा कशावरून ठरवायचा?

आवाजाचा प्रश्न

आवाजाचे दुखणे आणखी वेगळे. नुसत्या आवाजावर स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे कृत्रिम नकलेविरुद्ध अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला, तो व्यक्तिमत्त्वविषयक हक्कांच्या आधारे. मात्र, न्यायालयाची पायरी चढणे नामवंतांना परवडते. कोरसमधल्या गायिकेचा आवाज उचलला गेला, तर ते तिच्या कानावर येण्याचीही शाश्वती नाही.

दुसरा मार्ग आहे. 'लाल सलाम' या २०२४ च्या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेऊन त्यांना मोबदला दिल्याचे सांगितले. आधी विचारणे शक्य असते, हे यातून दिसले. सामूहिक रॉयल्टीची व्यवस्था जरूर व्हावी. परंतु त्यातून बाहेर राहण्याची मुभा आणि आवाजासाठी स्वतंत्र संमती, या दोन तरतुदी त्यात हव्यात. त्यांच्याविना कलावंताला पैसे मिळतील, पण आपल्या गाण्याविषयी बोलण्याचा अधिकार तो गमावून बसेल.