इंजिनात पाणी मुरते कुठे?

शेतकऱ्याची गाडी बिघडली की निकाल आधी लागतो आणि तपासणी मागाहून होते. पुष्कळदा होतच नाही. पिकअपच्या ऑइलची पट्टी काढली, तिच्यावर दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, की गॅरेजातून एकच वाक्य ऐकू येते: "हेड गेलं. इंजिन खोला." वरुड-मोर्शीचा आंबिया बहार तोडणीवर आलेला असतो, व्यापाऱ्याशी सौदा झालेला असतो आणि गाडी मात्र ठोकळ्यांवर. गाडी उभी राहते; बँकेचा हप्ता उभा राहत नाही.

आमचा आक्षेप मिस्त्रीच्या पोटावर नाही. आमचा आक्षेप तपासणीशिवायच्या बिलावर आहे.

ऑइल आणि कूलंट एकत्र येण्याच्या वाटा मोजक्याच. हेडचे पॅकिंग फुटते, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो, ओल्या लायनरच्या इंजिनात खालची रबरी रिंग सुटते, नाहीतर ऑइल कूलर आतून गळतो. यातला शेवटचा पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्लॉकला बाहेरून, फिल्टरजवळ बसवलेला असतो. हेड न उतरवता तो काढता येतो. मग सुरुवात हेडपासूनच का? हेड उतरले की मजुरी वाढते, पॅकिंगचा संच विकला जातो, लेथवाल्याचे काम निघते. हिशेब समजण्यासारखा आहे, फक्त तो आपल्या खिशातून होतो.

लक्षणे बोलतात, ती ऐकावीत. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबाहून बराच जास्त असतो. म्हणून कूलर फुटला की ऑइल आधी रेडिएटरकडे धावते आणि पाण्याच्या टाकीत सायीसारखा थर जमतो. इंजिन बंद केले की ऑइलचा दाब शून्यावर येतो, गरम पाण्याचा राहतो. मग पाणी उलट ऑइलमध्ये शिरते. टाकीत साय आहे, पण बुडबुडे नाहीत, पांढरा धूर नाही, गाडीची ओढ कमी झालेली नाही, तर आधी कूलरच संशयित. कूलर काढावा, तोंडे बंद करून त्यात हवा भरावी आणि पाण्याच्या टपात बुडवावा. सायकलची ट्यूब तपासता येते त्याला हेही येते. कधी कूलर शाबूत असतो आणि त्याखालची रबरी रिंगच गेलेली असते.

उलट, थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पडले आहे, तर मात्र हेड उतरवणे भाग आहे. गरम रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये, तोंड भाजते. पावसाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी ओल दिसली आणि पट्टी स्वच्छ असली, तर ती वाफ आहे. तिच्यासाठी इंजिन खोलणारा माणूस बदलावा.

हेड उतरलेच तर त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजून मागा. वाक नसताना फेसिंग कशाला? पॅकिंगची जाडी इंजिनाप्रमाणे निवडायची असते. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. पान्याला पाइप लावून आवळलेले हेड पुन्हा गळते, आणि दुसऱ्या बिलावर "कंपनीचा माल खराब" असे लिहून मिळते. दुरुस्तीनंतर पाण्याची वाट धुवावी, ऑइलने फुगलेले होज बदलावेत, नवे ऑइल-फिल्टर घालून गाडी थोडा वेळ चालवून तेही एकदा बदलावे. आणि दुधी ऑइलवर "मंडीपर्यंत तरी जाऊ" हा मोह नको. बेअरिंग जातात, मग खरोखर पूर्ण इंजिन.

आता मुळाकडे येऊ. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे, जे बोअरचे पाणी पिकाला चालत नाही तेच आपण रेडिएटरला पाजतो. त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात, कूलरच्या बारीक वाटा बुजवतात. "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" असे म्हणतात. कूलंट नुसते गोठण्यासाठी नाही. ते गंज रोखते आणि उकळबिंदूही वाढवते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, त्यात भरलेली गाडी. कूलंट आणि शुद्ध पाणी, एवढाच खर्च.

पण दोष एकट्या शेतकऱ्याचा आणि मिस्त्रीचा म्हणून सोडून देता येणार नाही. टॉर्कचे आकडे आणि दुरुस्तीची पुस्तिका तालुक्याच्या मिस्त्रीला मिळत नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी, म्हणजे सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांना न दिल्याबद्दल, 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. 2022 साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे आणि मोटारी दोन्ही तिच्या यादीत. दिल्लीत समिती, पोर्टल. दर्यापूरच्या मिस्त्रीच्या हातात काय आले?

कराचेही तेच. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवर 5 टक्के जीएसटी आणि पिकअपच्या सुट्या भागावर 18. व्यापारी तो कर वजा करून घेतो, शेतकऱ्याला वजावट नाही. संत्रा वाहणारी गाडी शेतीची नाही, हे कोणी ठरवले?

येत्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी इंजिन कामाची जुनी बिले सोबत आणावीत. हेड उतरवण्याआधी कूलर तपासल्याची नोंद किती बिलांवर आहे, ते सगळ्यांसमोर मोजू.