पथ्य सगळ्या घराचं

ताप उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस समोरचा मऊभात बाजूला सारतो आणि तासाभराने स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उघडून बघू लागतो. फरसाण, चकली, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेजारून आलेला गाजरहलवा, काहीही चालेल, पण भात नको. ‘जरा जिभेवर ताबा ठेव’ हे वाक्य मग घरात दिवसातून चार वेळा ऐकू येतं. थंडीतल्या सर्दी-तापातून उठणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे. ही खा-खा म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. नाक चोंदलं की ही वाट बंद होते. वरणातला हिंग, कढवलेलं तूप, आंबेमोहोराचा दरवळ यातलं काहीच पोहोचत नाही. जिभेला उरतं ते ढोबळ गोड, खारट, आंबट, कडू. तिखटाचं मात्र वेगळं आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि त्यासाठी नाक उघडं असावं लागत नाही. म्हणून आजाऱ्याचं मन ठेचा, लोणचं आणि कुरकुरीत तळणाकडेच धावतं. जे जाणवतं तेच त्याला हवं असतं.

त्यात खोकल्याने मोडलेल्या रात्री. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं होतं. भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. धडधाकट तरुणांची ही गत, तर आठवडाभर खोकत जागलेल्या माणसाला काय बोल लावायचा? दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर औषधानेच भूक वाढते, रक्तातली साखरही चढते.

तरीही मोह आवरायचाच आहे, कारण ताप गेला म्हणजे आजार गेला असं होत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली खोकल्यावरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. साध्या संसर्गानंतरचा खोकला सरासरी जवळपास १८ दिवस टिकतो असं दिसलं. लोकांची अपेक्षा सात ते नऊ दिवसांची होती. (आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी, सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.) या मधल्या दिवसांत घसा आणि श्वासनलिका सोललेल्या कातडीसारख्या हळव्या असतात. रात्री उशिरा तळलेलं, तेलकट, भरपेट खाऊन आडवं झालं की अन्न पोटात रेंगाळतं, आम्ल घशापर्यंत येतं आणि ओसरत आलेला खोकला पुन्हा उसळतो.

हुरड्याचंच घ्या. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर, अहिल्यानगरकडच्या शेतांत आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या विस्तवात गूळभेंडीची कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. कुणाला मोह होणार नाही? पण नुकत्याच आजारातून उठलेल्याला हुरड्याइतकाच, किंबहुना जास्त, त्रास आगटीच्या धुराचा होतो. घरी आणलेला मूठभर हुरडा त्याने बसून, सावकाश चावून खाल्ला तर फारसं बिघडत नाही. शेतावर नेऊन त्याला धुरात बसवू नये.

पथ्याचं कारण सांगितलं की ते पाळलं जातं. आपल्या घरांतली ‘खाऊ नको’ची यादी मात्र लांबत जाते: केळं नको, दूध नको, भात नको, दही तर नकोच. दुधाने कफ वाढतो हा समज प्रयोगांत टिकलेला नाही. नुसती बंदी घालत गेलं की माणूस थकतो आणि नेमकं तळण खाऊन बसतो. चरकसंहितेत तापाच्या सुरुवातीला लंघन सांगितलं आहे, पण त्यापाठोपाठ पेजही सांगितली आहे. आणि ताप गेल्यावरही ताकद येईपर्यंत व्यायाम, भटकंती टाळायला सांगितलं आहे. तिकडे डब्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकात डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज तापकऱ्यांना उपाशी ठेवण्याच्या तेव्हाच्या रिवाजाविरुद्ध उभे राहिले. थायरॉइडच्या एका विकाराला आज त्यांचंच नाव आहे. आजाऱ्याला खायला हवंच. प्रश्न फक्त काय आणि किती याचा.

मऊभात बेचव असलाच पाहिजे असा काही नियम नाही. त्यावर मेतकूट आणि साजूक तुपाची धार, बाजूला भाजलेला उडदाचा पापड, वाटीत जिऱ्याची फोडणी दिलेलं आमसुलाचं कोमट सार, जेवणाआधी लिंबू-मीठ लावलेली आल्याची चकती. आंबट, खारट, कुरकुरीत, किंचित झणझणीत असं जे त्या जिभेला हवं असतं ते यात आहे, आणि तळण नाही. रक्तदाब असेल त्याने पापड आणि मीठ बेताने घ्यावं. मधुमेह असेल तर तिळगुळाची वडी मोजून द्यावी, कारण संसर्गात साखर आधीच वर गेलेली असते.

खरी अडचण ताटाबाहेर आहे. आजाऱ्याला पेज द्यायची आणि त्याच वेळी कढईत कांदाभजी सोडायची, हे कितीतरी घरांत सर्रास चालतं. बंद नाकालाही त्या कढईचा चर्र आवाज ऐकू येतो. मग चोरून खाणं होतं, खोकला उलटतो आणि पुन्हा बोलणी त्यालाच बसतात. यंदा भोगी-संक्रांतीच्या दिवसांत घरात कुणी तापातून उठलेलं असेल तर तळण चार-आठ दिवस पुढे ढकला, फरसाणाचा डबा त्याच्या नजरेआड ठेवा आणि एक वेळ तरी सगळ्यांनी त्याच्याबरोबर मऊभात-सार जेवा.