पुलाखालचा पत्ता

अमेरिकेत मायामी शहर आणि मायामी बीच यांना जोडणाऱ्या ज्युलिया टटल कॉजवेखाली २००६ च्या सुमारास माणसं राहायला लागली. तंबू, फळकुटं आणि एक जनरेटर. या जनरेटरचं मोठं काम म्हणजे घोट्याला बांधलेल्या जीपीएस पट्ट्या चार्ज करणं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची शिक्षा भोगून सुटलेले हे लोक. शाळेपासून २,५०० फुटांच्या आत त्यांनी राहायचं नाही, असा मायामी-डेड काउंटीचा नियम होता. दाट वस्तीच्या शहरात तसं परवडणारं घर सापडणं जवळपास अशक्यच. काहींच्या लायसन्सवर पत्ता म्हणून चक्क पूल होता. २०१० मध्ये वस्ती उठवली गेली.

नियमाचा रोख रात्री कुठे झोपायचं यावर. दिवसाचं काय, हे कुणी फारसं विचारलं नाही.

आयोवा राज्यात असाच २,००० फुटांचा नियम होता. २००६ मध्ये तो बदला, असं म्हणायला पुढे आली ती तिथल्या सरकारी वकिलांचीच संघटना. गुन्हेगारांना तुरुंगात धाडणं हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांचंच म्हणणं होतं की यामुळे माणसं बेघर होतात, खोटे पत्ते देतात आणि पोलिसांच्या नजरेतून निसटतात.

अशा कायद्यांमागचं दुःख मात्र खोटं नाही. १९९४ मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून समोरच्या घरात राहणाऱ्याने केला. त्याला आधी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती आणि तिच्या आईवडिलांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा आक्रोश ऐकून त्याच वर्षी राज्याने अशा गुन्हेगारांची माहिती वस्तीला देणारा कायदा केला, १९९६ मध्ये संपूर्ण देशाने.

योगायोग असा की, १९९४ मध्येच कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये असाच एक लैंगिक गुन्हेगार पूर्ण शिक्षा भोगून सुटला. पूर्ण भोगल्यामुळे पॅरोल नाही, म्हणजे देखरेखही नाही. शहर हादरलं. हॅरी नाय या मेनोनाइट पाद्रीने मंडळीतल्या काही जणांना गोळा केलं. रोज त्याला भेटायचं, बाजारहाटाला सोबत जायचं, आणि आज कुठे होतास, कुणाशी बोललास, हे तोंडावर विचारायचं. माया आणि पाळत एकाच माणसाने करायची, हे पोलिसांना आधी पटेना. पण तो मरेपर्यंत तसा गुन्हा पुन्हा नोंदला गेला नाही. एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरं. तरी ही पद्धत पुढे ब्रिटनपर्यंत पोचली.

आपल्याकडे २० डिसेंबर २०१५ ला दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला, गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेला दोषी तीन वर्षांनी सुटला. मुलीचे आईवडील रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला रोखण्याची याचिका फेटाळली. कायद्यात तशी तरतूदच नाही, म्हणून. त्याच्या पुढच्या दिवशी राज्यसभेने नवा बालन्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयोगटातल्यांवर घोर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवायची वाट त्याने उघडली. या मुलाला तो लागू होणार नव्हताच. चर्चा झाली ती आत किती वर्षं ठेवायचं याची. बाहेर आल्यावर त्याला रोज कोण भेटणार, हा प्रश्न शिलाई मशीन आणि दहा हजार रुपयांच्या प्रस्तावावर आटोपला. त्यावरही लोक संतापले.

मग २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आली, सुरुवातीलाच सुमारे ४.४ लाख नोंदींची. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. हे योग्यच आहे. खुली केली तर आपल्याकडे जमाव काय करतो हे सांगायला नको. पण गुन्हा घडल्यावर संशयित शोधायला ती उपयोगी. सुटलेल्या माणसाच्या दाराची कडी ती वाजवत नाही.

शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालांत बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मालक. अमेरिकेची भीती अनोळखी माणसाची. आपला सुटलेला माणूस बहुतेकदा त्याच गल्लीत परततो, आणि गल्ली सोडावी लागते ती मुलीला.

बिल्किस बानो यांच्यावरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा दोषी गुजरात सरकारने शिक्षेत सूट दिल्याने बाहेर आले. दाराशी हार आणि पेढे होते. आपल्या सुरक्षिततेचं कुणी विचारलंही नाही, असं बिल्किस म्हणाल्या. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खटला मुंबईत चालला, म्हणून सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. सुटकेची तारीख पीडितेला आधी कळावी, आणि त्या आठवड्यात परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन्ही घरांत जाऊन यावं: त्याच्याही आणि तिच्याही.