सांध्यावर चांदीचा थर : आधी साखर तपासा!

"डॉक्टर, गुडघा बदलायचाच आहे, तर तो जंतू न धरणारा, चांदीच्या नॅनो-कोटिंगचा बसवून घेऊ का? पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील." असा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर माझं मत स्पष्ट सांगतो.

भीती खोटी नाही. पहिल्यांदा गुडघा किंवा खुबा बदललेल्या शंभर रुग्णांत साधारण एक-दोघांना कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग होतो. धातूला रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतू चिकटले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. या थरात अँटिबायोटिक्स नीट काम करत नाहीत. मग अनेकदा बसवलेला सांधाच काढावा लागतो. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक अँथनी ग्रिस्टिना यांनी 1987 मध्ये याला 'पृष्ठभागासाठीची शर्यत' म्हटलं होतं. धातूवर आधी कोण पोहोचतं, आपल्या पेशी की जंतू?

नॅनो-कोटिंग या शर्यतीत आपल्या बाजूने उतरतं. 100 नॅनोमीटरहून लहान चांदीच्या कणांतून आयन सुटतात आणि ते जंतूंचं आवरण व आतली विकरं बिघडवतात. पण मात्रा वाढली, की तेच आयन हाडांच्या पेशींनाही इजा करतात. शिवाय हा साठा कायम पुरत नाही. हाडाच्या कर्करोगात बसवल्या जाणाऱ्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर चांदीचा थर वापरला जातो, कारण तिथे संसर्गाचा धोका बराच जास्त असतो. नेहमीच्या गुडघ्यासाठी तो सरसकट घ्यावा, इतका भक्कम पुरावा मला दिसत नाही.

आणखी एक गैरसमज. 'गोल्डन' गुडघ्यात सोनं नसतं. तो सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडसारख्या थराचा असतो. तो मुख्यतः धातूची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी आहे, जंतू मारण्यासाठी नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी हे करा. मधुमेह असेल तर एचबीएवनसी तपासा. ते 8 च्या वर असेल तर घाई करू नका, आधी साखर आटोक्यात आणा. विडी-सिगारेट किमान महिनाभर आधी सोडा. किडलेले दात, पायाच्या चिखल्या, त्वचेवरचे फोड आधी बरे करून घ्या. सर्जनना विचारा, "तुमच्याकडे संसर्गाचं प्रमाण किती आहे? चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक देता ना?" हे विचारायला संकोच नको.

ऑपरेशननंतर वर्षांनीही शरीरातल्या दुसऱ्या जागेचा संसर्ग रक्तातून सांध्यात पोहोचू शकतो. तेव्हा तो थर कामी येईलच असं नाही. सांधा दुखू लागला, लाल झाला, सुजला किंवा जखम वाहू लागली, तर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

हे संशोधन पुढे जावं, असंच मला वाटतं. पण आज तुमच्या हातात असलेले उपाय स्वस्त आहेत आणि पारखलेले आहेत. सुरुवात तिथून करा.