नार्नियाचं पहिलं पुस्तक कोणतं?

सी. एस. लुईस या लेखकाची 'नार्निया' ही मालिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. शाळेच्या ग्रंथालयात, नाहीतर घरी दादा-ताईच्या खोलीत. एकूण सात पुस्तकं. आजच्या बहुतेक संचांत पुस्तकांवर १ ते ७ असे आकडे छापलेले असतात. मग प्रश्न कसला? १ नंबरचं पुस्तक उचलायचं आणि वाचायला लागायचं!

माझं मत वेगळं आहे. तुम्ही ही मालिका पहिल्यांदाच वाचत असाल, तर त्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. ज्यावर २ लिहिलंय, ते पुस्तक आधी वाचा.

आधी ही आकड्यांची भानगड समजून घेऊ. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' हे पुस्तक १९५० साली आलं. लूसी नावाची मुलगी एका मोठ्या कपाटात शिरते आणि पलीकडे नार्नियात पोचते, ती ही गोष्ट. त्यानंतर दरवर्षी एक पुस्तक येत गेलं आणि १९५६ साली सातवं आलं. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' हे सहावं, १९५५ सालचं. पण त्यात नार्नियाचा जन्म कसा झाला ते सांगितलंय. म्हणजे छापलं सहावं, पण त्यातल्या घटना सगळ्यात आधीच्या!

जाता जाता एक गंमत. या पुस्तकाच्या नावाचं मराठी करून बघा. नेफ्यू म्हणजे पुतण्या की भाचा? इंग्रजी नाव ते सांगतच नाही. पुस्तक वाचलं की कळतं, जादूगार हा मुलाच्या आईचा भाऊ आहे. म्हणजे मामा! तेव्हा आपण या पुस्तकाला 'जादूगाराचा भाचा' म्हणू आणि लूसीच्या पुस्तकाला 'कपाटाचं पुस्तक'.

अमेरिकेत बरीच वर्षं ही पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने मिळायची. कपाटाचं पुस्तक १, जादूगाराचा भाचा ६. मग १९९४ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने कालक्रम घेतला. कालक्रम म्हणजे जे आधी घडलं ते आधी, नंतर घडलं ते नंतर. जादूगाराचा भाचा पहिला झाला आणि कपाटाचं पुस्तक दुसऱ्या नंबरावर गेलं. आणखी एका पुस्तकाची जागा बदलली, 'द हॉर्स अँड हिज बॉय'ची. ते पाचवं होतं, ते तिसरं झालं. बाकीच्या चार पुस्तकांचा आपसातला क्रम तोच राहिला.

आता माझं कारण सांगतो. लूसी कपाटातून पलीकडे जाते तेव्हा तिला काय दिसतं? बर्फ, झाडं आणि जंगलाच्या मधोमध एक पेटलेला दिव्याचा खांब. रस्त्यावर असतो ना, तसाच. जंगलात हा खांब कुणी लावला? लूसीला माहीत नाही, आपल्यालाही माहीत नाही. तिच्याबरोबर आपणही थबकतो. या प्रश्नाचं उत्तर जादूगाराच्या भाच्यात आहे. ते मी इथे सांगणार नाही, कारण माझा सगळा मुद्दाच तो आहे. उत्तर आधी कळलं, तर तो खांब दिसल्यावर तुम्ही म्हणाल, "हां, हा तोच." लूसी चकित होईल आणि तुम्ही होणार नाही.

अस्लान नावाच्या सिंहाचंही तसंच. कपाटाच्या पुस्तकात त्याचं नाव पहिल्यांदा निघतं, तेव्हा तो कोण हे त्या मुलांना माहीत नसतं. वाचकालाही ते माहीत नाही, असं धरूनच लेखकाने तो भाग लिहिलाय. तुम्ही जादूगाराचा भाचा आधी वाचला असेल, तर ही गोष्ट तुमच्याशी बोलतच नाही.

काही जण म्हणतील, "हे म्हणजे आधी कळस, मग पाया!" म्हण बरोबर आहे, पण ती बांधणाऱ्यासाठी आहे. देऊळ बघायला येणाऱ्याला लांबून आधी कळसच दिसतो. तो जवळ येतो, आत जातो आणि मग विचारतो, हे कधी बांधलं, कुणी बांधलं? आपल्या आजीचंच बघा ना. आपण तिला आधी आजी म्हणूनच ओळखतो. ती लहानपणी कुठे राहायची, शाळेत कशी जायची, हे नंतर कळतं. आणि आजी आवडायला लागलेली असते, म्हणूनच ते ऐकायला मजा येते.

महाभारताची सुरुवातही पांडवांच्या जन्मापासून होत नाही. अर्जुनाचा पणतू जनमेजय सर्पयज्ञ करतो आणि तिथे त्याला त्याच्या पूर्वजांची गोष्ट ऐकवली जाते. जे शेवटी घडलं, ते आपल्याला सुरुवातीलाच भेटतं. तरी कुणाचं काही अडत नाही.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे स्वतः लुईसचं एक पत्र. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने त्याला याबद्दल लिहिलं होतं. मुलाला कालक्रम बरोबर वाटत होता, त्याच्या आईला प्रकाशनाचा क्रम. लुईसने उत्तर दिलं की मला तुझंच जास्त पटतं. पण सगळी मालिका आधी ठरवून लिहिलेली नव्हती आणि क्रमाला फारसं महत्त्व नसेलही, असंही त्याने लिहिलं. लेखकाच्या मताला मान द्यायलाच हवा. पण लेखकाला एक गोष्ट कधीच करता येत नाही: स्वतःचं पुस्तक पहिल्यांदा वाचणं. ते फक्त आपल्याला जमतं, आणि तेही एकदाच.

शिवाय, काटेकोर कालक्रम पाळणं इथे जमतही नाही. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधल्या घटना कपाटाच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात जी वर्षं निघून जातात, त्या वर्षांत घडतात. म्हणजे खरा कालक्रम हवा असेल, तर एक पुस्तक शेवटच्या प्रकरणात थांबवायचं, दुसरं अख्खं वाचायचं आणि मग परत पहिल्याकडे यायचं. असं कोण वाचतं?

प्रत्येक मालिकेत हा वाद नसतो. हॅरी पॉटरची पुस्तकं १९९७ ते २००७ या काळात आली. हॅरी शाळेत जसा मोठा होतो, तशी ती पुढे जातात. तिथे दोन्ही क्रम एकच, त्यामुळे भांडण नाही.

तुम्ही नार्नियाची सुरुवात जादूगाराच्या भाच्यापासून केली असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. ते पुस्तक फार छान आहे. आणि ज्यांनी सगळी सात वाचलीत, त्यांनी दुसऱ्यांदा कालक्रमाने जरूर वाचावीत. तेव्हा कुठलंच गुपित फुटायचं राहिलेलं नसतं आणि जोडलेले धागे नीट दिसतात. पण धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या हातात पहिलं पुस्तक देताना त्यावरचा आकडा पाहू नका. आधी लूसीला कपाटात शिरू द्या.

आता तुमची पाळी. तुम्हाला त्या मुलाचं पटतं की त्याच्या आईचं? तुमच्या आवडत्या मालिकेतलं कोणतं पुस्तक तुम्ही मित्राला आधी द्याल, आणि का? पाच-सहा वाक्यांत लिहा. पण गुपित फोडू नका हं!