दमयंतीने सावली पाहिली

पॅरानॉर्मल रोमान्सची मालिका लिहायला बसलेल्या माणसाला सल्ला देणारे तिघे हमखास भेटतात. पहिला म्हणतो, ‘लोक प्रेमकथा वाचायला येतात. व्हॅम्पायर, यक्ष, चेटकिणी हा नुसता पडदा. मागे टांगायचा आणि विसरून जायचं.’ दुसरा म्हणतो, ‘प्रेम काय, कुठल्याही कादंबरीत मिळतं. तुझं जग वेगळं असलं तरच मालिका टिकेल. आधी नकाशा काढ, वंशावळ मांड, नायिकेचं नाव सावकाश ठरव.’ तिसरा समजूतदार. तो दोघांच्या मधे बसतो आणि म्हणतो, ‘दोन्ही हवं. समतोल राखा.’

पहिल्या दोघांशी माझं भांडण आहेच, पण तिसऱ्याशी जास्त आहे. कारण त्याचं म्हणणं ऐकताना पटतं आणि लिहायला बसल्यावर काडीच्याही उपयोगाचं नसतं.

आधी पहिला पक्ष. त्यात तथ्य नाही असं नाही. या प्रकारच्या कादंबऱ्या वाचणारा वाचक जोडीसाठीच येतो, हे खरं. पण म्हणून जग हा पडदा ठरत नाही. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’चंच उदाहरण घ्या, कारण ‘पडदा’वाले नेहमी तेच पुढे करतात. 2005 साली आलेल्या या पहिल्या भागाची गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावात घडते. तिथे सदा पाऊस, सदा ढग. मेयरच्या व्हॅम्पायरांची कातडी उन्हात चकाकते, म्हणून त्यांना चारचौघांत वावरायचं तर ढगाळ गावच लागतं. त्यांतलाच एक, नायक एडवर्ड, तिथल्या शाळेत आहे तो ढगांमुळे. ढग काढून टाका, नायिका बेलाला तो भेटतच नाही. याला पडदा कसं म्हणायचं? ही तर घराची तुळई.

हीच मालिका पुढे जाऊन पडद्याचा सिद्धान्त उलट्या बाजूनेही खोडून काढते. ‘एक्लिप्स’मध्ये वाचकाला बजावून सांगितलं जातं, की नव्याने व्हॅम्पायर झालेल्याची तहान अनावर असते, बराच काळ त्याला माणसांजवळ फिरकता येत नाही. बेलाच्या प्रेमाची किंमत इथे पहिल्यांदा नेमकी कळते. ती किंमत म्हणजे बापाची ताटातूट. चार्ली हा अबोल, एकटा, पोलीसखात्यातला बाप. त्याला सोडून जायचं. मग 2008 मध्ये ‘ब्रेकिंग डॉन’ येतं. बेला व्हॅम्पायर होते आणि तिला पहिल्यापासूनच विलक्षण संयम साधतो. थोड्याच दिवसांत चार्ली तिच्यासमोर येऊन बसतो. नियम सगळ्यांना होता, नायिकेला माफ झाला. आधी बिल हातात दिलं, मग दुकानदारानेच ते फाडून टाकलं. पुस्तक प्रचंड खपलं, मान्य. पण तीन भाग वाचकाने जे ओझं बेलाबरोबर वाहिलं, ते चौथ्यात हलकं निघालं. जग पडदा मानलं की असंच होतं. प्रेमाला अडचण झाली की लेखक पडदा सरकवतो, आणि त्याबरोबर प्रेमाचं वजनही जातं.

आता दुसरा पक्ष. एका नवोदित लेखिकेने मला तिच्या नियोजित मालिकेची वही दाखवली होती. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याची. आत गंधर्वांची सात कुळं, प्रत्येकाचा ध्वज, प्रत्येकाचा ऋतू, दागिन्यांची चित्रं, पेन्सिलने काढलेला घाटमाथ्याचा नकाशा. नव्वदाव्या पानाच्या आसपास एक ओळ होती: ‘नायक – उंच, अबोल.’ मी तिला विचारलं, ‘तुझ्या गंधर्वाला काय करता येत नाही?’ ती बराच वेळ पानं उलटत राहिली. काय काय करता येतं, याची यादी तीन पानं होती. येत नाही, असं काहीच नव्हतं.

मेहनतीत ती कुठेच कमी नव्हती. वही पाहून मला तिचा हेवाच वाटला. पण ज्याला काहीही अशक्य नाही त्याच्या प्रेमात अडचण कुठून येणार? आणि अडचण नसेल तर नव्वद पानांचं जग वाचून वाचकाने करायचं काय, टाळ्या वाजवायच्या?

ही चूक नवख्यांचीच असते असंही नाही. डेबोरा हार्कनेस ही विज्ञानाच्या इतिहासाची अभ्यासक. तिच्या ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’मध्ये (2011) ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात नायिका अ‍ॅशमोल 782 हे हस्तलिखित मागवते. हे हस्तलिखित खरोखरच त्या संग्रहातून हरवलेलं आहे. जग येतं ते असं, वाचनकक्षातल्या टेबलावर, एका हस्तलिखिताच्या रूपाने. चेटकीण आणि व्हॅम्पायर यांनी एकत्र यायचं नाही असा तिथे जुना करार आहे, आणि तो पानोपानी दोघांच्या छातीवर बसलेला आहे. ‘शॅडो ऑफ नाइट’ या दुसऱ्या भागात दोघे 1590 सालात जातात. तिथे नाटककार मार्लो भेटतो, सर वॉल्टर रॅली भेटतो, प्रागचा सम्राट दुसरा रुडॉल्फ भेटतो. अभ्यास अस्सल आहे, तपशील देखणे आहेत. पण वाचताना मला वाटत राहिलं, की प्रेमिक मागे पडले आणि संग्रहालयाचे वाटाडे पुढे झाले. बंदी दूर गेली आणि तिच्या जागी नामवंतांची वर्दळ आली.

राहिला तिसरा, समतोलवाला. समतोल म्हटलं की डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात प्रेम, दुसऱ्यात जग. एक वर गेलं की दुसरं खाली. या तराजूवर भरवसा ठेवणारा लेखक मग हिशेबाने लिहितो. एक प्रकरण चुंबनाचं, एक लढाईचं, पुन्हा चुंबन, पुन्हा परिषद. वाचकही तितकाच हिशेबी. निम्मे वाचक लढाया ओलांडून पुढे जातात, निम्मे चुंबनं. तराजूचा काटा अगदी मधोमध आणि पुस्तकाचे दोन तुकडे! जे ओलांडता येतं ते पुस्तकात कशाला होतं, हा प्रश्न समतोलवाला विचारत नाही, कारण त्याच्या लेखी वजन पानांचं असतं.

इथवर खंडन. आता मी काय म्हणतो ते सांगतो, आणि त्यासाठी आपल्या घरच्याच गोष्टीकडे येतो. रघुनाथपंडितांमुळे नळ-दमयंतीच्या कथेतला हंस मराठी वाचकाला चांगला ठाऊक आहे. मला मात्र महाभारताच्या वनपर्वातला स्वयंवराचा मांडव हवा आहे. दमयंतीसमोर एकसारखे पाच नळ उभे आहेत. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नळाचं रूप घेतलं आहे. तिने मनाने नळाला आधीच वरलंय, पण हार घालायचा कुणाच्या गळ्यात? ती देवांनाच साकडं घालते. मग तिला दिसतं, की चौघांना घाम नाही. त्यांची पापणी लवत नाही. गळ्यातली फुलं टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या माळेतली फुलं मात्र कोमेजली आहेत, अंगावर घाम आणि धूळ आहे, पापण्या लवताहेत आणि त्याची सावली पडली आहे. ती लाजत त्याच्या वस्त्राचं टोक धरते आणि हार त्याच्या गळ्यात घालते.

हा प्रसंग विश्वरचनेचा की प्रेमाचा? मला वेगळं करून दाखवा. देव कसे असतात याची इतकी काटेकोर माहिती गोष्टीच्या आरंभी परिशिष्टासारखी दिली असती, तर कोणी लक्षातही ठेवली नसती. इथे तिच्यावर एका मुलीचं आयुष्य टांगलेलं आहे, म्हणून ती विसरता येत नाही. आणि ती माहिती वाचतानाच कळतं, की दमयंती निवडते आहे ते घामेजलेल्या, धुळीने माखलेल्या, एक दिवस मरणाऱ्या माणसाला. जगाचा नियम आणि हृदयाचा कौल एकाच सावलीत उभे आहेत.

हाच गुण शार्लेन हॅरिसच्या ‘डेड अन्टिल डार्क’च्या (2001) सुरुवातीला आहे. लुईझियानातल्या एका लहान गावात सुकी बारमध्ये वेट्रेस आहे. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे कुठल्याच पुरुषाबरोबर तिचं जुळत नाही. समोरच्याच्या डोक्यातला गलका थांबतच नाही. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केल्यापासून व्हॅम्पायर उघडपणे वावरू लागलेत. त्यातला एक, बिल, बारमध्ये येऊन बसतो आणि सुकीला त्याच्या मनातून काहीच ऐकू येत नाही. शांतता! त्याच रात्री एक जोडपं त्याला बाहेर नेतं, कारण व्हॅम्पायरच्या रक्ताला चोरबाजारात भाव आहे. सुकीला त्यांचा बेत त्यांच्या मनातूनच कळतो आणि ती हातात साखळी घेऊन पार्किंगमध्ये धावते. चांदीने व्हॅम्पायर जखडला जातो, त्याचं रक्त विकलं जातं, सुकीची शक्ती काय, ती कुठे थांबते आणि ती बिलवर का भुलणार, हे सगळं तिथे एका दमात कळतं. कुठलं वाक्य कुठल्या पारड्यात टाकणार?

माझा सिद्धान्त असा. रोमान्सच्या लेखकाचा वाचकाशी करार ठरलेला असतो, की शेवटी दोघे एकत्र येणार. म्हणजे ‘जमेल का?’ हा प्रश्न पहिल्या पानालाच निकालात निघालेला. मग उत्कंठा कशाची? ती एकाच प्रश्नाची: ‘हे प्रेम कितीला पडेल?’ आणि किंमत ठरवायचा अधिकार फक्त जगाचा. जग नसेल तर प्रेम फुकटात पडतं. प्रेम नसेल तर जगाचे नियम कुणालाच लागू होत नाहीत.

म्हणून किंमत माफ करणारा नियम जसा वाईट, तसाच आपणहून प्रेम जुळवून देणारा नियमही अपुरा. क्रिस्टीन फीहानच्या ‘डार्क प्रिन्स’पासून (1999) सुरू झालेल्या मालिकेतले कार्पेथियन पुरुष काही शतकांनी भावना आणि रंग दोन्ही गमावतात, जन्मजोडीदार भेटली की रंग परततात. कल्पना सुंदर आहे. राखाडी जगात एकदम लाल रंग दिसणं, हे वाचताना अंगावर येतं. पण तो नियमच जोडीदार ठरवून टाकतो. देवांनी हात धरून दमयंतीला नळापाशी नेऊन उभं केलं असतं, तर ते स्वयंवर कसलं?

मालिकेचा खरा कस दुसऱ्या भागापासून लागतो, आणि तिथेही नळाचीच गोष्ट वाट दाखवते. कली स्वयंवराला उशिरा निघतो. देवांना डावलून माणसाला वरल्याचं ऐकून चिडतो आणि बारा वर्षं टपून बसतो. एका संध्याकाळी नळ पाय न धुता संध्येला बसतो, तेवढ्या फटीतून कली आत शिरतो. मग द्यूत, वनवास, ताटातूट. पहिल्या भागातल्या प्रेमाचं बिल दुसऱ्या भागात आलं. नव्या भागासाठी नवा राक्षस बाहेरून आणावा लागला नाही.

आजच्या लेखकांत हे सर्वांत चोख साधलं ते फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंगने. तिच्या ‘साय-चेंजलिंग’ मालिकेतल्या ‘साय’ या अतींद्रिय शक्तीच्या जमातीने 1979 सालापासून मुलांना भावनाच होऊ नयेत असं वळण लावलं आहे. त्याला नाव ‘सायलेन्स’. सगळ्या सायांची मनं एका मानसिक जाळ्याला जोडलेली, आणि ते जाळं तुटलं की साय जगत नाही. ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ (2006) या पहिल्या भागातली साशा बिबट्याच्या कुळातल्या लुकासवर प्रेम करते, म्हणजे मरणाचाच करार करते. भागागणिक जोडी वेगळी, पण प्रत्येक जोडी त्याच भिंतीची एक वीट काढते. ‘हार्ट ऑफ ऑब्सिडियन’मध्ये (2013) सायलेन्स कोसळतं. पुढच्या ‘शील्ड ऑफ विंटर’मध्ये (2014) उलगडतं, की भावना दाबल्यामुळेच ते जाळं सडत होतं, आणि साशासारखे परभावना जाणणारेच ते वाचवू शकतात. पहिल्या भागात जो नायिकेचा दोष मानला गेला, तोच आठ वर्षांनी जगाचं औषध ठरला.

यावर आक्षेप येईल, की मग जग प्रेमिकांच्या अंगणाएवढंच होईल. राजकारण, समाज, इतिहास यांना जागा कुठे? मला नेमकं उलट दिसतं. आपल्याकडे कुणी कुणाशी लग्न करावं यावरून गावं पेटलेली आहेत, बापांनी मुली मारलेल्या आहेत. जात, जमीन, वारसा, धर्म, सगळं त्या एका प्रश्नापाशी येऊन उभं राहतं. प्रेमाच्या वाटेत उभं राहून पाहिलं की समाजाची हाडं न् हाडं दिसतात. काल्पनिक समाजाचंही तेच. ज्या नियमाला प्रेम धडकत नाही, तो बहुधा नुसता ध्वजाचा रंग असतो.

मोबाइलवर आज मराठीत क्रमशः अशा मालिका लिहिणारे कितीतरी हात आहेत. रोज भाग टाकायचा तर हाताशी सोपी कसोटी हवी. तुमच्या जगातला एक नियम खोडा आणि प्रेमकथा वाचून पाहा. कथेला ओरखडाही उमटला नाही, तर तो नियम काढून टाका, कितीही देखणा असला तरी. नंतर प्रेमकथा खोडा आणि जगाकडे पाहा. ते जग जसंच्या तसं चालू राहिलं, तर तुमच्या जोडीने त्या जगाचं काहीच वाकडं केलेलं नाही. पुढचा भाग लिहायची घाई करू नका.

आणि नवी वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर आपल्या गंधर्वाला, यक्षाला, व्हॅम्पायरला काय करता येत नाही ते लिहा. मग त्या ‘नाही’च्या समोर तिला आणून उभी करा, हातात हार देऊन.