भांबराजाची दोन वाचने

दूरचित्रवाणीवरील जाहिरात मालिका थांबवून येते, त्यामुळे निदान तिची चाहूल तरी लागते. आम्हां यवतमाळच्या साहित्य-विद्यार्थ्यांना वाटते की, ही चाहूल जेथे पुसली जाते तेथेच जाहिरातीचा प्रभाव सर्वांत खोल जातो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त आमच्या जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांविषयी पानभर वृत्तान्त आला. बीटी कापसाने समृद्धी आणली, येथे आत्महत्या नाहीत, असा त्याचा आशय होता. वार्ताहरांचा दौरा महिको मोन्सँटो बायोटेक या बियाणे कंपनीने आखल्याची नोंद बारीक अक्षरांत होती. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर जाहिरात म्हणून पुन्हा छापला गेला. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजात आली, तेव्हा ग्रामस्थांनी गावात १४ आत्महत्या झाल्याचे सांगितले. पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हा सारा प्रकार उघड केला.

शब्द तेच, आधी ते बातमी होते, मग जाहिरात झाले. संहिता न बदलता वाचकाशी असलेले तिचे नाते कसे बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात कोणते द्यावे? कवितेतील निवेदक कोण, हे ओळखण्यास आम्हांला शिकवले जाते. तीच नजर पडद्याकडे आणि वर्तमानपत्राकडेही वळली पाहिजे. कोण बोलतो आहे आणि खर्च कोणाचा आहे, हे विचारल्याशिवाय वाचन पुरे होत नाही. ज्या घरांत मृत्यू झाले, ती घरे त्या पानभर मजकुरात कोठेच नव्हती.